लाटांच्या हौदातला नारळ

परवा मुलीला झाशीतल्या प्रेम नगरात पोहायच्या क्लासला सोडायला गेलो आणि क्लोरीनचा उग्र वास नाकात शिरताच बाबांचा नारळ आठवला. आमचे पूर्वज कोकणातून झाशीला आलेले, पण घरात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. काही वर्षांपूर्वी मुलांच्या सुट्टीत आम्ही समुद्र पाहायला निघालो, तेव्हा बाबांना नीट दिसेनासं झालं होतं. कोकणात पोहोचलो, तर मुलांनी आधी वॉटर पार्कचाच हट्ट धरला. तिथे भोंगा वाजला, मोठ्या हौदात लाटा उसळायला लागल्या आणि बाबा पायजमा वर धरून थेट काठाशी गेले. झाशीच्या ओरछा गेटवरून समुद्रासाठी घेतलेला नारळ त्यांनी पिशवीतून काढला, कपाळाला लावला, पाण्यात सोडला आणि हात जोडले. शिट्ट्या वाजल्या. मुलं खिदळत ओरडली, "आजोबा, ये तो स्विमिंग पूल है!" रखवालदाराने जाळीने नारळ काढून बाबांच्या हातात आणून दिला. दुसऱ्या दिवशी सगळे समुद्रावर निघालो, तर बाबा खोलीतून हललेच नाहीत. "पाहिला की काल," एवढंच म्हणाले. बाबा आता नाहीत. तो नारळ देवघरात तसाच आहे. काल हलवून पाहिला, आतलं पाणी कधीच आटलंय.