सन पाचशेचा पहारेकरी

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दोहातल्या एका छोट्या संग्रहालयात, एका जुन्या रोमन नाण्याजवळ तो सिक्युरिटीच्या गणवेशात उभा होता. पाटीवर लिहिलं होतं, इसवी सन ५००. आमचं मराठी ऐकून तो खुलला; रत्नागिरीकडचा मुसलमान निघाला. कानामागची पेन्सिल काढून त्याने खिशातली वही उघडली.

"दादा, तुमच्यात तेव्हा कुठलं साल चालू होतं?"

हे तो प्रत्येक पाहुण्याला विचारायचा. नेपाळी माणसाने ५५७ सांगितलं होतं, इथिओपियाच्या बाईने ४९२.

"आणि तुमचं हिजरी?" मी विचारलं.

"आमचं तर सुरूच नाय झालेलं! अजून सव्वाशेएक वर्षं होती." बस उशिरा येणार असल्यासारखं त्याने सांगितलं.

मी ऐटीत म्हणालो, "शके पाचशे अठ्ठ्याहत्तर."

"अहो, अठ्ठ्याहत्तर वजा करायचे," बायको म्हणाली. "चारशे बावीस."

मी वाद घालू लागलो. पेन्सिलीला थुंकी लावत तो शांतपणे म्हणाला, "दादा, चार मुलखांतली माणसं चार आकडे सांगतात, तेव्हा सगळी बरोबर असतात. नवरा-बायकोचं तसं नाय."

आणि माझ्याकडे न बघता त्याने वहीत ४२२ लिहिलं.