ओडवार ऑपेरात बसतो

ओस्लोच्या ऑपेरा हाऊसच्या छतावर ओडवार ब्रेंडेनने सोळा हिवाळे काढले, पण त्या छताखाली काय चालतं ते पाहायला तो एकदाही आत गेला नव्हता. छत म्हणजे पांढऱ्या दगडाचा भला मोठा उतार, थेट फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या खाडीच्या, पाण्यापर्यंत गेलेला. लोक त्यावर चढतात, फोटो काढतात आणि हिवाळ्यात आपटतात. त्यांनी आपटू नये म्हणून बर्फ काढायचा आणि वाळू टाकायची, हे ओडवारचं काम. "ते आत गातात, मी वर खरवडतो. ज्याचं त्याचं काम," असं म्हणून तो विषय मिटवायचा.

माणूस भला, पण बर्फ पडायला लागला की त्याच्या अंगात यायचं. स्वतःच्या लग्नात तो आशीर्वाद संपताच गायब झाला आणि चर्चच्या पायऱ्यांवर सापडला, हातात फावडं. मुलीच्या बारशालाही तेच. बायकोच्या, म्हणजे गुनवोरच्या, पन्नासाव्या वाढदिवसाला त्याने शेजाऱ्याची गाडी बर्फातून उकरून काढली. शेजारी तेव्हा ओडवारच्याच घरात बसून केक खात होता. गुळगुळीत तळव्यांच्या बुटांवर तर त्याचा दातच होता. "हे बूट आहेत की साबणाच्या वड्या?" असं तो परदेशी पाहुण्यांना अस्सल नॉर्वेजियनमध्ये दरडावून विचारायचा, आणि ते बिचारे हसून त्याचाच फोटो काढायचे.

तो निवृत्त झाला तेव्हा सोबत्यांनी त्याला दोन तिकिटं भेट दिली. फेब्रुवारीतला रविवार, दुपारी दोनचा खेळ. गुनवोरने तिकिटं फ्रिजवर चिकटवली आणि कॉफी ओतता ओतता म्हणाली, "सेहेचाळीस वर्षं प्रत्येक समारंभात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिलीय. या वेळी पडदा पडेपर्यंत बसायचंस."

"बसेन की."

"बर्फ पडला तर?"

"व्हिगदिस आहे ना आता माझ्या जागी. चांगली धट्टीकट्टी बाई आहे."

"मी व्हिगदिसचं विचारत नाहीये. तू उठलास, तर यापुढचे सगळे हिवाळे मी ओसेकडे अलिकांतेला काढीन. एकटी."

ओसे तिची धाकटी बहीण. स्पेनमध्ये समुद्रकाठी राहायची आणि जानेवारीत उघड्या पायांचे फोटो पाठवायची. गुनवोर उगाच धमक्या देणारी बाई नव्हती. कपाटात उन्हाळी चपलांचा नवा जोड ओडवारने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो घाबरला, अगदी मनापासून घाबरला. गुनवोरशिवायचं घर त्याला कल्पनेतही जमेना.

रविवारी घरातून निघताना आभाळ स्वच्छ होतं. ट्राममधून उतरताच एक पांढरा कण त्याच्या बाहीवर येऊन बसला. गुनवोरने बाहीकडे पाहिलं.

"धूळ आहे," ओडवार म्हणाला.

ऑपेराच्या दाराशी व्हिगदिस फावडं घेऊन उभीच होती. तिला पाहताच त्याची जीभ सुटली. "वरून खाली ओढत ये, आडवं जाऊ नकोस. पूर्वेकडच्या कडेला आधी वाळू टाक, आणि..."

"ओडवार, तू आज पाहुणा आहेस. जा आत."

"मी आपलं सांगून ठेवतो."

"गुनवोर, ने गं बाई ह्याला!"

गुनवोरने त्याचं कोपर पकडून त्याला आत नेलं. तिथे सगळ्यांप्रमाणे त्यानेही जाड बूट काढले आणि पिशवीतले काळे चकचकीत जोडे घातले. मुलीच्या लग्नानंतर ते जोडे प्रथमच बाहेर निघाले होते.

पहिला अंक सुरू झाला. नायिकेला क्षय झाला होता, तरी तिचा आवाज असा की आमच्यासारख्या धडधाकटांना लाज वाटावी. सभागृह स्तब्ध झालं. छतावरचं काही तिथे ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ओडवारला येत होतं. खर्र, खर्र. आडवं! ही बाई आडवंच खरवडतेय! त्याचा उजवा पाय थरथरायला लागला. गुनवोरने न बघता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अंक संपेपर्यंत उचलला नाही.

मध्यंतरात सगळे काचेच्या भिंतीपाशी ग्लास घेऊन उभे राहिले. पलीकडे बर्फ असा कोसळत होता की फ्योर्ड दिसेना. उतारावर एक आजीबाई एकेक पाऊल चाचपत चालली होती. ओडवारच्या हातातलं कोळंबीचं सँडविच तसंच राहिलं.

"मी जरा जाऊन येतो. बाथरूमला."

गुनवोर त्याच्याकडे बघत राहिली. तरी तो गेला.

"फक्त पाच मिनिटं!" असं म्हणत त्याने व्हिगदिसच्या हातातून फावडं ओढून घेतलं. ती "अरे, तुझे बूट!" म्हणेपर्यंत हा सुटासकट उतारावर चढला होता. आजीबाईपुढची वाट त्याने सपासप मोकळी केली. ती सुखरूप खाली गेली. मग त्याने टाचेवर ऐटीत गिरकी घेतली.

आयुष्यभर त्याने ज्या गुळगुळीत बुटांचा उद्धार केला, तसलेच बूट आज त्याच्या पायात होते. त्यांनी सूड घेतला. ओडवार बुडावर आपटला आणि घसरत सुटला. काचेच्या भिंतीला खेटून, निम्म्या ओस्लोच्या समोरून, हातात फावडं, गळ्यात बो-टाय, सरळ पाण्याच्या दिशेने. काचेआड दोनशे ग्लास ओठांपाशी थांबले. त्यातला एक गुनवोरचा होता. पाण्याला चार हात उरले असताना फावडं एका खाचेत अडकलं आणि ओडवार थांबला.

घंटा वाजली. तो लंगडत, ओल्या पाटलोणीने खुर्चीवर येऊन बसला. गुनवोरने मान वळवली नाही. दुसऱ्या अंकात त्याला हलताच येईना. माकडहाड असं ठणकत होतं की छत, बर्फ, वाळू सगळं डोक्यातून गेलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याला गाणं ऐकू आलं. नायिका मेली तेव्हा तो रडला. दुखण्याने की गाण्याने, ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

पडदा पडला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले, फक्त ओडवार बसलेला. हळूहळू सभागृह रिकामं झालं, तरी तो बसलेलाच. शेवटी गुनवोरही परत त्याच्या शेजारी बसली.

"उठता येत नाहीये," तो म्हणाला.

"दिसतंय."

"तू जाणार आता. अलिकांतेला."

"तूच सोडवलं होतंस मला. तू त्या दाराकडे वळलास ना, तेव्हा मी मनातल्या मनात बॅग भरून मोकळी झाले. हलकं वाटलं, खरं सांगते. छान वाटलं."

ओडवारने मान खाली घातली.

"आणि मग तू पाण्याकडे जायला लागलास." "माझ्या हातातला ग्लास पडला, ओडवार. त्या सगळ्या लोकांमध्ये मी लहान मुलीसारखी किंचाळले. आता कुठली जातेय मी एकटी? इतकी वर्षं वाट बघून एकदाची सुटले होते, आणि तू तेवढंही मला करू दिलं नाहीस."

तिने त्याच्या दंडावर जोरात एक चापट मारली, मग दुसरी मारली, आणि तिथेच डोकं टेकून रडायला लागली.