आईच्या मांडीवरचं रेकॉर्डिंग

एका अत्यंत गंभीर आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या बाबीची नोंद राहावी म्हणून मी हे लिहायला बसलो आहे. 'हत्झी शाआ' या इस्रायलमधल्या लोद शहरातल्या रॉक बँडच्या मैफलींची जगातली एकमेव रेकॉर्डिंग्ज आमच्या घरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. आणि पहिली दोन सोडली, तर ती सगळीच्या सगळी माझ्या आईच्या मांडीवर झालेली आहेत.

हत्झी शाआ म्हणजे हिब्रूत अर्धा तास. यांचं कुठलंच गाणं त्याच्या आत संपत नसे, म्हणून हे नाव. (खरं बोलायचं तर 'पाऊण तास' ठेवायला हवं होतं.) नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. चार पोरं, गिटारवर माझा धाकटा भाऊ रफी. आधीपासून काहीच ठरवायचं नाही, हा त्यांचा एकमेव ठरलेला नियम! एकजण काहीतरी सुरू करायचा आणि बाकीचे तिघे पत्ता हरवलेल्या पाहुण्यांसारखे त्याच्या मागून निघायचे. कधीकधी चौघंही एकदम मुक्कामाला पोचत आणि तेव्हा अंगावर काटा येई. मी त्या काट्यासाठी जात असे.

मैफल असायची शुक्रवारी दुपारी, आमच्या मराठी ज्यूंच्या वस्तीतल्या समाजकेंद्राच्या हॉलमध्ये. आई यायची ती 'रफी काही खात नाही' म्हणून, करंज्यांचा डबा घेऊन. तिच्यासोबत तिची धाकटी बहीण फ्लोरामावशी. मी स्वतःला मुख्य ध्वनिमुद्रक नेमलं होतं, कारण टेपरेकॉर्डर माझा होता. पहिल्या वेळी तो ड्रमजवळ ठेवला, तर कॅसेटवर कुणीतरी भांडी जिन्यावरून ढकलून दिल्यासारखं ऐकू आलं. दुसऱ्या वेळी खुर्चीवर ठेवला, त्यावर एक गृहस्थ बसले. शेवटी मी तो आईच्या मांडीवर दिला. देशात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

या चौघांना थांबता येत नसे. पण सूर्य मावळायच्या आत घरी शब्बाथच्या, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, मेणबत्त्या लागायला हव्यात! त्यामुळे वेळ झाली की आई टेपरेकॉर्डरसकट उभी राहायची आणि ओरडायची, "रफी, पुरे! मेणबत्त्या!" चौघं जागच्या जागी गप्प. कॅसेटवर हा शेवट फार भारी वाटतो.

पुढे बँड मोडला, पोरं नोकऱ्यांना लागली, फ्लोरामावशी गेली. त्या मैफलींनंतर बारा वर्षांनी तेल अविवहून नदाव नावाच्या तरुणाचा फोन आला. विसरलेल्या बँडच्या सीडी काढणं हा त्याचा उद्योग. "तुमच्याकडे कॅसेट आहेत असं ऐकलं!" तो हिब्रूत म्हणाला. मी आनंदानं त्याला शुक्रवारी सकाळी घरी बोलावलं. आणि फोन ठेवल्याबरोबर मला सोळा नंबरची कॅसेट आठवली. 

त्याचं असं झालं होतं. त्या मैफलीला मी पहिल्यांदाच लिलीला बोलावलं होतं. लिली म्हणजे माझी बायको. तेव्हा झाली नव्हती. तीही मूळची ठाण्याची, आमच्यासारखीच. ती आईच्या पलीकडे तीन खुर्च्या सोडून बसली होती आणि मी स्टेजसमोर डोळे मिटून, टाळ्या वाजवत डोलत होतो. घरी येऊन कॅसेट लावली, तर गिटारच्या वर, अगदी कानात सांगितल्यासारखा फ्लोरामावशीचा आवाज, "अगं, एवढ्या गोंगाटात ही मुलगी शांत कशी बसलीय? बहिरी तर नाही ना?"

आणि त्यावर आई, "मलाही तीच शंका आली. आणि नाक बघितलंस का तिचं?"

मी घाबरून बटण दाबलं. कॅसेट काढली, तिच्यावर मोठ्या अक्षरात हिब्रूत लिहिलं, 'खराब. ऐकू नये.' आणि डब्याच्या तळाशी पुरली. लग्नानंतर आई आमच्याकडेच राहायला आली. सासू-सून एका छताखाली, गुण्यागोविंदानं! त्या गुण्यागोविंदाच्या बुडाशी एक कॅसेट आहे हे मला एकट्यालाच ठाऊक. बारा वर्षं मी कुणाला त्या डब्यावरची धूळसुद्धा पुसू दिली नाही.

शुक्रवारी नदाव आला. आई, लिली, रफी, सगळे दिवाणखान्यात. नदावनं डबा उघडला, एकेक कॅसेट पाहिली आणि तळाशी हात घातला.

"हे काय लिहिलंय? 'ऐकू नये'?" त्याचे डोळे चमकले. "असं लिहिलेलीच सगळ्यात चांगली असते! हीच आधी!"

"ती खरंच खराब आहे," मी म्हणालो.

"तू ऐकलीस?" रफीनं विचारलं.

"नाही. म्हणजे हो. म्हणजे थोडी."

नदावनं कॅसेट लावली. ड्रम, मग बास, मग रफीची गिटार चाचपडत, खिशात किल्ली शोधल्यासारखी. मला तो तुकडा पाठ होता. बहिरेपणाच्या शंकेला चार मिनिटं उरली होती. मी खोकायला लागलो. आईनं पाणी दिलं. मी मोठमोठ्यानं हवेबद्दल बोललो. रफी म्हणाला, "शेकेत!" म्हणजे, गप्प. तेव्हा मी स्वयंपाकघरात धावलो आणि मिक्सर सुरू केला.

"एली!" बाहेरून लिली ओरडली. "मिक्सरमध्ये काय आहे?"

"चटणी!"

ती आत आली. झाकण काढून तिनं आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "रिकामा आहे."

"सुरुवात करत होतो," मी म्हणालो.

तिनं मिक्सर बंद केला. नेमक्या त्या शांततेत बाहेरून फ्लोरामावशीचा आवाज आला, "...बहिरी तर नाही ना?"

मी झेप घेऊन टेपच्या वायरपाशी पोचलो. पण आईनं माझं मनगट पकडलं. तिचा चेहरा एकदम वेगळाच झाला होता.

"बंद करू नकोस," ती म्हणाली. "फ्लोरा बोलतेय."

आता सांगा, काय करणार? तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बहिणीचा आवाज ऐकणाऱ्या आईच्या कानावरून तो ओढून घ्यायचा, की बायकोच्या कानावर पडू द्यायचा? मी वायर सोडली आणि डोळे मिटले.

टेपवरची आई म्हणाली, "मलाही तीच शंका आली. आणि नाक बघितलंस का तिचं?" इथपर्यंत मला माहीत होतं. यापुढचं या बारा वर्षांत मी एकदाही ऐकलं नव्हतं. "अगदी आपल्या थोरल्या आत्याचं नाक! नाक असावं तर असं. मुलगी सोनं आहे, फ्लोरा. मला घोर आहे तो या एल्याचा. बघ, बघ कसा मान हलवतोय, दाणे टिपल्यासारखा!"

"हिला दिसत नसेल ना?" फ्लोरामावशी.

"मी मधे बसलेय ती उगाच का?"

लिली खो खो हसत सुटली. नदाव सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. पण टेप चालूच होती. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि एक तिसरा, कोवळा आवाज आला.

"आंटी, करंजी छान झालीय."

"अजून घे. एक विचारू? माझा मुलगा पसंत आहे तुला?"

मागे रफीची गिटार टिपेला पोचलेली. आणि त्यात, शांतपणे, "मी कधीची तयार आहे, आंटी. पण तो विचारतच नाही."

"तो विचारणार नाही गं. लहानपणी भूक लागली तरी शेजारच्या मुलाला पाठवायचा मला सांगायला. आपण ठरवलं असं समज. त्याला कळेल तेव्हा कळेल."

"त्याला वाटू दे, त्यानंच विचारलं म्हणून."

तिघी इतक्या हसल्या की कॅसेटवर काही क्षण बँड ऐकूच येत नाही. मग बराच वेळ नुसती गिटार, आणि शेवटी, "रफी, पुरे! मेणबत्त्या!"

वाचकहो, त्यानंतर सात महिन्यांनी मी लिलीला हैफाला नेलं होतं. डोंगरावर, खाली समुद्र. मी आरशासमोर अकरा वेळा तालीम केलेलं भाषण केलं होतं. त्यावर या बाईनं तोंडावर हात ठेवून, "अय्या! मला विचार करायला वेळ हवा," असं म्हणून चार दिवस घेतले होते. चार दिवस! मला अन्न जात नव्हतं. आणि आई मला समजावत होती, "बाळा, मुलीच्या मनातलं आपण काय सांगावं?"

"चार दिवस कशाला लावलेस?" मी विचारलं.

"लगेच हो म्हटलं असतं तर तुला संशय आला असता," लिली म्हणाली. "आईंनी दोनच सांगितले होते. दोन मी माझ्याकडचे घातले."

मी रागवायचा प्रयत्न केला, पण जमेना. ज्या गोष्टीला मी बारा वर्षं भीत होतो, तिच्यातच माझा सगळा संसार बांधून ठेवलेला होता, तोही माझ्याच टेपरेकॉर्डरवर! पाच मिनिटं जास्त ऐकलं असतं तर बारा वर्षं सुखानं झोपलो असतो. आईनं टेप मागे घ्यायला लावली. फ्लोरामावशीचं हसणं तिनं तीनदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा आम्ही सगळेच तिच्यासोबत हसलो. त्या पोरांना वेळेवर थांबता आलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

नदावला रफीनं सगळं हिब्रूत सांगितलं. तो भारावला. मग धंद्याचं बोलला. "ही मैफल सीडीवर घेणारच! आणि बोलण्याची काळजी करू नका, आता कॉम्प्युटरवर नको तो आवाज पुष्कळसा काढता येतो. या बायकांचे आवाज काढून टाकू?"

रफीनं आईला मराठीत विचारलं. आई ताठ बसली.

"बायकांना हात लावायचा नाही! सांग त्याला. पण तो एक गाढव सारखा बेताल टाळ्या वाजवतोय ना मधेमधे? त्याला काढ!"

"अहो आई," लिली हळूच म्हणाली, "तो आपला एली आहे."

"ठाऊक आहे गं मला," आई म्हणाली. "म्हणूनच तर सांगतेय!"