गेटपलीकडे गाडी न्यायचा परवाना

स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. मीटिंगमध्ये टेबलाखाली माझा पाय हलायला लागला की शेजारचा माणूस आपला कॉफीचा कप उचलून हातात धरतो. बायको म्हणते, जित्याची खोड. अशा माणसाने हरणाच्या शिकारीला जावं हाच मुळात विनोद, कारण शिकार म्हणजे मुख्यतः बसणं. झाडाला पाठ लावून, न खोकता, न खाजवता, चार-चार तास.

मी जायचो ते मुलीसाठी. ती इथेच अमेरिकेत जन्मली, आमच्या कॅरी गावात वाढली, वन्यजीवांचा अभ्यास केला आणि त्याच क्षेत्रात मिळतील ती कंत्राटी कामं करते. बंदूक चालवायला कॉलेजात शिकली. आता तिचं घर वेगळं आहे. आमच्याकडे जेवायला आली की फोनमध्ये डोकं घालून 'येस बाबा, नो बाबा', बस्स. पण जंगलात वाळक्या पानांवर शेजारी बसलं की ती कुजबुजत काय काय सांगते. घरमालकाशी झालेलं भांडण, सोडून गेलेला मित्र, रात्री झोप लागत नाही ते. कुजबुजताना का कोण जाणे, तिचं मराठीही सुधारतं. बंदूक तिची, थर्मास आणि घडीची खुर्ची माझी. हिवाळ्याआधीच्या त्या मोजक्या शनिवारांची मी वर्षभर वाट बघायचो.

आमची जागा घरापासून सव्वा तासावर. सरकारी जंगल, सगळं पाइनचं. परवाना काढला की कुणीही शिकार करावी. लाकूडतोडीसाठी केलेला कच्चा रस्ता आत जातो, पण तोंडाशीच लोखंडी गेट आहे आणि ते बंद असतं. तिथे कार लावायची, नारिंगी जाकिटं चढवायची आणि दीड मैल चालायचं. चालताना ती बोलत नाही, प्राणी बुजतात म्हणून. म्हणजे जाता-येता तीन मैल नुसते फुकट जायचे. माझा जीव त्या तीन मैलांत कासावीस व्हायचा.

मग शेजाऱ्याने घर बदलताना त्याची एटीव्ही विकायला काढली. मोटरसायकलचं हँडल, चार फुगीर टायर, मागे हरीण बांधता येईल असा लोखंडी कॅरिअर. इथले लोक तिला फोर-व्हीलर म्हणतात. मी एका दुपारीत व्यवहार केला, ट्रेलर भाड्याने घेतला आणि शनिवारी ती गेटपाशी नेऊन उभी केली. मुलगी खाली उतरली, गेटवरची पाटी वाचली आणि पोट धरून हसायला लागली.

"बाबा, तू चेकच नाही केलंस? इथे मोटर अलाउड नाहीये. एनी मोटर."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. गाडी वर्षभर गॅरेजमध्ये पडून राहिली. बायको तिच्यावर धुतलेले पडदे वाळत घालायची.

पण मी गप्प बसणारा नव्हे. राज्याचे नियम वाचत बसलो आणि एक फट सापडली. ज्यांना चालता येत नाही त्यांना वेगळा परवाना मिळतो. तो असला की असा माणूस आणि त्याचा एक सोबती बंद गेटपलीकडच्या रस्त्यावर एटीव्ही नेऊ शकतात. फक्त रस्त्यावर, झाडांत एक फूटही नाही. त्यासाठी एक फॉर्म होता आणि फॉर्मवर डॉक्टरची सही.

आमच्या महाराष्ट्र मंडळातला एक डॉक्टर माझा बॅडमिंटनचा जोडीदार आहे. रविवारी सकाळी आम्ही दोन गेम जिंकलो आणि मी बॅगेतून फॉर्म काढला. त्याने टॉवेलने हात पुसले.

"क्या यार, एवढंच ना? दे इकडे. गुडघा दुखतो म्हणालास ना मागे?"

"थोडा दुखतो."

"मग झालं की." त्याने बाकावर बसून, माझ्याच रॅकेटच्या कव्हरवर फॉर्म ठेवून सही केली. 'आधाराशिवाय दोनशे फूटही चालू शकत नाही' या चौकोनात खूण केली, 'कायमस्वरूपी' या चौकोनात केली आणि म्हणाला, "हरीण मिळालं तर सावजी रस्सा पाठव."

तुम्ही विचाराल, लाज नाही वाटली? खरं सांगतो, नाही वाटली. नागपुरात मी शाळा बुडवली की आमचे फॅमिली डॉक्टर न तपासता 'ताप' असं लिहून द्यायचे आणि आई त्यांच्या घरी चिवडा पाठवायची. सहीला ओळख लागते, आणि ओळख असते ती सहीसाठीच, हे मी कुठे शिकलो ते आठवतही नाही. ते रक्तात होतं.

परवाना ऑक्टोबरात आला. मुलीला मी सांगितलं की गुडघ्यामुळे मिळाला.

"किती बॅड आहे गुडघा?" तिने विचारलं.

"काही नाही गं. थोडा दुखतो."

ते शंभर टक्के खरं होतं.

पहिल्या दिवशी गेटच्या बाजूच्या चिंचोळ्या वाटेने गाडी आत घातली तेव्हा मला लहान पोरासारखा आनंद झाला. मुलगी मागे बसली होती, माझ्या खांद्याला धरून. इंजिनाच्या आवाजात कुजबुजता येत नाही, त्यामुळे ती ओरडून बोलत होती, आणि मी ओरडून उत्तरं देत होतो. वाटेत एक म्हातारा शिकारी दिसला. दोन चाकांच्या ढकलगाडीवर हरीण बांधून घामाघूम होत चालला होता. मोटरचा आवाज ऐकून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण हँडलला लावलेला परवाना दिसताच त्याने कडेला होऊन टोपीला हात लावला. चोराच्या मनात चांदणं. पुढे जाऊन उतरलो तेव्हा मी आपोआप लंगडलो. कोणत्या पायाने लंगडायचं ते मात्र ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे जाताना डाव्याने लंगडलो आणि येताना उजव्याने.

त्यानंतर मुलगी बदलली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायला लागला. बुधवारी ऑफिसमधून परस्पर आमच्याकडे जेवायला यायची, आणि फोन उलटा करून ठेवायची. घडीची खुर्ची माझ्या हातातून काढून घ्यायची. जिना उतरताना कोपराला धरायची. बायको म्हणाली, पोरीला अक्कल आली. मला वाटलं, एटीव्हीवर ओरडून बोलल्याचा परिणाम. ती जन्मल्यापासून सत्तावीस वर्षांत माझा एवढा लाड कुणी केला नव्हता, आणि मी तो मजेत करून घेत होतो. कधी कधी मन खायचं. मग मी मनाला सांगायचो, यात कुणाचं काय गेलं?

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तिने सकाळी नऊच्या सुमारास एक नर टिपला. गोळी नीट लागली होती, पण तो उडी मारून उतारावरून खाली पळाला आणि ओढ्याजवळ पडला. रस्त्यापासून दोन-तीनशे पावलं असतील, सगळा चढ. गाडी खाली न्यायची नाही हा नियम, आणि ती नियम म्हणजे नियम मानणारी.

"तू इथेच बस, बाबा. प्लीज. मी आणते."

मी गाडीवर बसलो. खाली तिने हरणाचं पोट फाडून साफ केलं, शिंगांना दोर बांधला आणि ओढायला लागली. दहा पावलं ओढायची, थांबायची, गुडघ्यांवर हात टेकून दम खायची. एकदा पाय घसरून ती बसकन खाली आली आणि दोर सुटला. हरीण तेवढंच पुन्हा खाली घसरलं. माझा पाय फूटरेस्टवर थडथड वाजत होता. मी हँडल घट्ट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. पोटची पोर खाली मरमर करतेय आणि मी वर सिंहासनावर. दुसऱ्यांदा ती पडली तेव्हा मला सहन झालं नाही. मी उडी मारली आणि धावत उतार उतरलो.

दोर तिच्या हातातून घेतला, खांद्यावरून टाकला आणि ओढायला लागलो. रविवारी दीड तास बॅडमिंटन खेळणारा माणूस मी. हरीण माझ्यामागे सुसाट आलं. अर्ध्या चढावर थांबून मागे बघितलं तर ती तिथेच उभी होती, खाली, ओढ्याजवळ.

"बाबा, तू चालतोयस."

"हो."

"तू रनिंग करत खाली आलास."

"अगं, ते..." मी म्हटलं, "ऐक. माझ्या गुडघ्याला फारसं काही झालेलं नाही. फॉर्मवर सही ओळखीने घेतली. गाडी आत आणायची होती, म्हणून."

ती चढून माझ्यापर्यंत आली. मला वाटलं, चिडेल. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट बघितला.

"खोटं बोलू नकोस. मी वाचलाय फॉर्म. गाडीच्या पाउचमध्ये मॅपबरोबर कॉपी होती. पर्मनंट लिहिलंय. मी आईला विचारलं, ती पण म्हणाली, काही नाही गं, थोडा दुखतो. सेम टू सेम. आजोबा गेले तेव्हा तुम्ही दोघांनी हेच केलं. माझी एक्झाम होती म्हणून दोन आठवडे सांगितलं, आजोबा ठीक आहेत. ते गेले होते, बाबा. दोन वीक्स आधी."

ते खरं होतं. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आपण पोरीची काळजी घेतोय.

मी तिला सगळं सांगितलं. बॅडमिंटनचा बाक, रॅकेटचं कव्हर, सावजी रस्सा. दोन्ही पायांवर उड्या मारून दाखवल्या, त्या चढावर, हरणाच्या शेजारी. पन्नाशी उलटलेला माणूस, नारिंगी जाकीट. ती हळूहळू खाली पानांवर बसली. तिला पटत गेलं तसा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. हायसं वाटल्याचं मात्र तिथे कुठे दिसेना.

"मला मोंटानात जॉब मिळाला होता," ती म्हणाली. "एल्क हरणांचा सर्व्हे. पर्मनंट जॉब. सहा वर्षं मी ट्राय करतेय."

"मग?"

"मंगळवारी नो म्हटलं."

"का?"

"का म्हणजे? तुला चालता येत नव्हतं!"

तिचा आवाज जंगलात घुमला. कुणाचं काय गेलं, असं मी मनाला विचारत होतो ना? हे गेलं होतं. मी तिच्याशेजारी बसलो. म्हणालो, माझं चुकलं. इंग्रजीतही म्हणालो, तिला नीट कळावं म्हणून. तिने मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"फोन कर त्यांना," मी म्हणालो. "आत्ता कर. सांग, गैरसमज झाला. सांग, बापाने मूर्खपणा केला."

"आज सॅटरडे आहे."

"तरी कर."

तिने नाक पुसलं. तिकडची जी बॉस होती तिने स्वतःचा नंबर दिला होता म्हणे, विचार बदलला तर कधीही फोन कर म्हणून. आम्ही दोघांनी मिळून हरीण रस्त्यापर्यंत ओढलं. वर आल्यावर तिने फोन उंच धरून सिग्नल शोधला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून गाडीच्या सीटवर ठेवला.

रिंग वाजायला लागली. ती कमरेवर हात ठेवून फोनकडे बघत होती आणि खालचा ओठ चावत होती. मी तिला हसून दाखवलं, अंगठा वर केला. ती दोन हजार मैलांवरच्या मोंटानाला गेली तर वर्षातून एकदा येईल, ख्रिसमसला, चार दिवस. दुसरी रिंग वाजली. तिसरी. ती माझी मुलगी आहे, तिचं भलं व्हावं म्हणूनच मी हा देश, ही नोकरी, सगळं केलं, आणि त्या क्षणी मी मनातल्या मनात सगळ्या देवांना विनवत होतो की कुणी फोन उचलू नये.