बाबांची फोन करायची सवय

माझ्या बाबांना फोन न करायला मी शिकवलं.

रीतसर. पुस्तकातल्या पद्धतीनं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. त्या शिकवण्याचं पुढं काय झालं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज सांगते, कारण पोटात ठेवून ठेवून जीव थकलाय.

मी वर्ध्याला ज्युनियर कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते. बाबा रोहण्याला एकटे. आई गेली तेव्हा म्हटलं, चला माझ्याकडं. तर म्हणाले, "अन् चक्की कोण पाहीन?"

पिठाची चक्की होती त्यांची. त्या आवाजात आयुष्य गेलं, कान अर्धे गेले. त्यामुळे फोनवर ओरडूनच बोलायचे. अख्ख्या स्टाफरूमला आमच्या घरचं सगळं माहीत.

दिवसाला दहा-बारा कॉल.

"माय, वरणाले किती शिट्ट्या घेऊ?"

"माय, सिलेंडर आलं."

"लाईट गेली माय. चक्की बंद हाय. म्हटलं तुले फोन लावावा."

लेक्चर सोडून बाहेर यावं लागायचं. प्राचार्यांनी एकदा बोलून दाखवलं. मी बाबांवर ओरडले. अर्धा दिवस त्यांचा फोन आला नाही, मग पुन्हा सुरू.

मग एकदा बारावीला कंडिशनिंग शिकवताना माझीच ट्यूब पेटली.

ज्या वागण्याचं बक्षीस मिळतं, ते वागणं टिकतं. बक्षीस बंद करा, वागणं हळूहळू बंद पडतं. बाबांना बक्षीस काय मिळत होतं? माझा आवाज. मी चिडून का होईना, फोन उचलत होते.

त्याच दिवशी सांगून टाकलं, "बाबा, आता फोन मीच करीन. रोज सहा वाजता. मधात तुमचा आला तर उचलणार नाही."

"अन् कामाचं असलं तं?"

"सहा वाजता सांगा."

"बरं."

दुसऱ्या दिवसापासून कॉल दुप्पट झाले. पुस्तकात हेही लिहिलंय. बक्षीस बंद झालं की आधी ते वागणं उसळी मारतं. तेव्हा नमायचं नाही, एकदा जरी उचललात की सगळ्यावर पाणी.

मी नमले नाही. टेबलावर फोन थरथरायचा, स्क्रीनवर "बाबा" दिसायचं, आणि मी पेपर तपासत बसायची.

एका दिवशी सतरा मिस्ड कॉल. सहाला विचारलं, "काय झालं एवढं?"

"काही नाई. कढीपत्त्याले पालवी फुटली."

तिसऱ्या आठवड्यात कॉल थांबले.

मी इतकी खूश, की वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं. पोरं हसली. एक मुलगी तेवढी म्हणाली, "मॅडम, पण त्यांना वाईट नाही वाटलं?"

मी म्हटलं, "वाटलं असतं तर बोलले असते."

हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सहाचा कॉल मी एक दिवसही चुकवला नाही. पण सकाळी सांगायची गोष्ट संध्याकाळपर्यंत शिळी होते. "जेवलात?" "हो." "तब्येत?" "बरी हाय." दोन मिनिटांत संपायचं. मला वाटायचं, बाबा किती समजूतदार झाले.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी त्यांची चक्की दुपारी तीनलाच बंद पडली. गल्लीला वाटलं, लाईट गेली.

साडेचारच्या सुमारास शेजारच्या शेवंताकाकू दळण न्यायला गेल्या. बाबा ओट्यावर बसलेले. अंगावर घाम, एक हात छातीवर, दुसऱ्या हातात फोन.

पुढचं मला काकूंनीच सांगितलं.

"म्या म्हटलं, भाऊजी, पोरीले फोन लावा ना. काऊन नुसते बसून राह्यले? तं म्हणे, नाई, आता तिचा क्लास असन. सहाले तिचाच येते."

"मी म्हटलं, मंग मी गाडी बोलावतो, आर्वीले दवाखान्यात जाऊ. तं म्हणे, थांब जराशी. तिले विचारून जाऊ."

तिला विचारून. म्हणजे मला.

माझा नंबर काकूंकडं नव्हता. बाबा फोन सोडेनात. शेवटी त्यांचं न ऐकता काकूंनी माणसं गोळा केली, गाडी आणली. बाबा आर्वीपर्यंत पोचलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

त्या दिवशी त्या वेळी माझा क्लास नव्हता. मी घरी होते. भाजी निवडत होते.

बरोबर सहाला मी फोन लावला. काकूंनी उचलला.

"तू ये माय," एवढंच म्हणाल्या.

तेरवीला सगळं गाव जेवायला होतं. मी वाढत होते. पंगतीत जो तो म्हणत होता, "भाग्याचा माणूस. शेवटपरेंत पोरीले तरास देल्ला नाई."

मी मान खाली घालून वाढत राहिले. बुंदी संपली तर आत जाऊन आणली. बोलले काहीच नाही.

आज बोलते.

माझ्या बाबांना मला त्रास द्यायचा होता. रोज द्यायचा होता, दहा-दहा वेळा. आई गेल्यावर त्यांच्याजवळ तेवढं एकच उरलं होतं, आणि तेही मी काढून घेतलं.

ते समजूतदार झाले नव्हते. त्यांच्या छातीत कळ आली, तरी ते मला घाबरले.

बाबा, माफी कुणाकडं मागू? हात तेवढे जोडते.

तुमची पोरगी.