ई म्हणजे म

बटन मी दाबलं होतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण एकदा सांगायला लागलो की मी स्वतःला सावरून घेतो. सवय आहे. वय बावन्न. एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शुद्ध भाषेत लिहीत आलोय.

आता तो प्रसंग.

उमरग्याचं आमचं ऑफिस हायवेला लागून. ट्रक गेला की खिडकीच्या काचा वाजतात. सकाळचे अकरा. मोठ्या खोलीत आम्ही सात जण रांगेत उभे, प्रार्थनेला उभं केल्यासारखे. आमच्या टायपिस्ट सुमनताई यांच्या खुर्चीत सचिव बसलेले, पाय लांब करून. सुमनताई बाजूला, भिंतीला टेकून.

सचिव म्हणजे अध्यक्षांचे चिरंजीव. वय चौतीस. पुण्याला शिकले असं सांगतात. काय शिकले ते विचारायची कुणाची छाती नाही. त्यांचे वडील सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे, पाणी आणून देणाऱ्या गुंडाप्पालासुद्धा. चिरंजीव सचिवाच्या खुर्चीत बसले आणि आम्ही सगळे एका दिवसात ‘तू’ झालो.

त्यांनी स्क्रीन आमच्याकडं वळवला.

“वाच की बाई. तुझ्याच हातचं आहे ना? अठरा वर्षांची मराठी. वाच.”

स्क्रीनवर मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं. लहान, मोठी, मध्येच कंस, मध्येच स्वल्पविराम. सुमनताई बघत राहिल्या. त्यांची बोटं पदराच्या काठावर हलत होती. मला वाटलं, थरथरतायत.

मग सचिवांनी स्वतःच स्क्रीनवर बोट ठेवलं. “ई, जे, के, मोठा बी, एच. घ्या. ही आपल्या संस्थेची मराठी. गुंडाप्पा, तुझी कानडी तर न्हाय ना रे ही?”

हशा पिकला. आणि त्या हशात पहिला आवाज माझा होता. मोठा. पोट धरून हसावं तसा.

सुमनताईंनी तोंड उघडलं होतं. मिटलं.

“टायपिंगची मराठी चाळीसची परीक्षा पास म्हणे,” सचिव उठता उठता म्हणाले. “चाळीसच्या स्पीडनं वाटोळं केलं.”

वाटोळं सुमनताईंनी केलं नव्हतं. ते झालं त्या दिवशी त्या ऑफिसातच नव्हत्या.

त्याचं असं झालं. महिनाभर त्यांच्या कॉम्प्युटरवर एक निळी चौकट येत होती. इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, खाली दोन बटनं. त्या रोज कोपऱ्यातली फुली दाबून ती घालवायच्या. मला एकदा म्हणाल्या होत्या, “भाऊ, ह्याला हात लावू नका. काय म्हणतंय ते मला कळत न्हाय. पण आपलं चाललंय ते चालू द्या.” न कळणारी गोष्ट न कळणारी आहे, एवढं सरळ म्हणणारी त्या ऑफिसात ती एकच बाई.

मी तसला नाही. मी बी.ए. आहे. बाप मेंढरामागं, मी मेंढरामागं, आणि शाळेतले इंग्रजीचे निम्मे तास त्या रानात गेले. पुढं इंग्रजीचा पेपर गाईड पाठ करून काढला. ऑफिसात इंग्रजी पत्र आलं की मी ते “सवडीनं बघतो” म्हणून घरी नेतो. मुलगी वाचून सांगते. दुसऱ्या दिवशी तेच मी माझं म्हणून सांगतो. मुलगी वाचायला लागायच्या आधीची वर्षं कशी काढली ते विचारू नका. शिकलेला धनगर म्हणून गावात माझा मान आहे. तो असा राखलेला.

सुमनताई एक दिवसाची रजा टाकून सोनारीला गेल्या होत्या, काळभैरवाला. एक पत्र तातडीचं होतं म्हणून मी त्यांच्या जागेवर बसलो. चौकट आली. गुंडाप्पा चहा घेऊन मागं उभा. म्हणाला, “काय लिहिलंय ओ साहेब?”

मला सबंध मजकुरात ‘अपग्रेड’ एवढाच शब्द कळला. तरी म्हणालो, “काही नाही रे, सुधारणा होणार आहे.” आणि बटन दाबलं. फुली दाबली असती तर गुंडाप्पानं विचारलं असतं, का बंद केलं. एका शिपायासमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं असतं तर सांगितलं असतं.

दोन तास ते गरगरत राहिलं. मग कॉम्प्युटर नव्या रूपात चालू झाला. गुंडाप्पा म्हणाला, “ह्यानं बी पक्ष बदलला का? काल हुता तो माणूसच न्हाय.” मी त्याला गप्प बसवलं आणि ते पत्र हातानं लिहून पाठवलं.

आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं. नव्या सिस्टीमनं ते उघडूच दिलं नाही. त्याच्याबरोबर त्याचा फॉन्ट गेला. फॉन्ट गेला की त्यात टाइप केलेली मराठी दिसत नाही. प्रत्येक अक्षरासाठी जी कळ दाबलेली असते तिचं इंग्रजी अक्षर तेवढं उघडं पडतं. बदलीचे आदेश, ठराव, शिक्षकांच्या याद्या, अठरा वर्षांचं सगळं एका दुपारी कचरा झालं. प्रिंटरसुद्धा ओळख दाखवेना.

सोलापूरहून इंजिनिअर आला. गळ्यात पट्टा, हातात दोन फोन. त्यानं पाच मिनिटं बघितलं, सगळं नवीन घ्यावं लागेल म्हणाला, आणि कुठल्या तारखेला कुणीतरी बटन दाबलंय तेही काढून दाखवलं. “बाईमाणसानं घाबरून दाबलं असणार,” एवढी अक्कल जाता जाता फुकट देऊन गेला.

तारीख सगळ्यांनी ऐकली. त्या तारखेपुढं हजेरीपत्रकात सुमनताईंच्या नावावर लाल शाईनं ‘रजा’ लिहिलेलं होतं. हजेरीपत्रक माझ्या कपाटात. किल्ली माझ्या खिशात. कुणी मागितलं नाही. मी दिलं नाही.

मग तो हशा. आणि हशानंतर आठ दिवस.

त्या आठ दिवसांत सचिवांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की बाईला काढायचं, लातूरहून इंग्रजी येणारी मुलगी आणायची. सुमनताई अठरा वर्षं कंत्राटी. अकरा महिने संपले की एक दिवसाचा खंड, की पुन्हा नवा आदेश. तो आदेश दर वेळी त्यांनीच टाइप करायचा. त्यांना काढायला फार काही लागत नव्हतं. पण सचिवांना कागद पक्का हवा होता. “कारणे दाखवा नोटीस तयार कर. तुला जमतं ते. हलगर्जीपणा वगैरे घाल.”

मी हो म्हणालो. हातानं मसुदाही लिहिला. ‘आपल्या हलगर्जीपणामुळे कार्यालयाचे अभिलेख नष्ट झाल्याचे निदर्शनास आले आहे.’ कुणाच्या निदर्शनास आलं, ते अशा वाक्यात लिहावं लागत नाही. म्हणून तर ही वाक्यं आम्हाला आवडतात.

नोटीस द्यायच्या आदल्या दिवशी जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी कार्यालयातून फोन आला. उद्या तपासणी. शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी तयार ठेवा. यादी दुरुस्त होऊन कॉम्प्युटरमध्ये होती, छापायची राहिली होती. सचिव इंजिनिअरला फोन लावत राहिले. तो उचलेना.

सुमनताई त्यांच्या जागेवर जाऊन बसल्या. फाईल उघडली. तोच कचरा. त्यांनी दोन्ही हात कळांवर ठेवले, पण एकही कळ दाबली नाही. बोटं नुसती वर उचलायची आणि टेकवायची. डोळे स्क्रीनवर. मला म्हणाल्या, “भाऊ, कागद घ्या. लिहा.”

आणि त्या वाचायला लागल्या.

“ई म्हणजे म. जे म्हणजे र. के म्हणजे काना. मोठा बी म्हणजे ठ. एच म्हणजे दुसरी वेलांटी. मराठी. लिहिलं का? मराठी विषयाचे शिक्षक, अनुक्रमांक एक.”

इथंच, मोंढ्याजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, लोखंडी मशिनवर शिकलेली बाई. कळांवर पट्टी चिकटवून, न बघता. कुठल्या बोटाखाली कुठलं अक्षर हे तिच्या हाडात होतं. इंजिनिअरला जो कचरा दिसत होता तो तिला धड्यासारखा दिसत होता. त्या वाचत गेल्या, मी लिहीत गेलो. नाव, शिक्षण, नेमणुकीची तारीख. दुपार उलटली. गुंडाप्पानं दोनदा चहा आणला आणि दोनदा नेला. एकशे चाळीस नावं. कुठंही अडल्या नाहीत.

शेवटी मी विचारलं, तुमचं नाव ह्यात कसं दिसतं.

“एल, क्यू, ई, यू,” त्या म्हणाल्या. “पण ते ह्या यादीत न्हाय. कुठल्याच न्हाय.”

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. त्या दिवशीच का नाही वाचलंत?

त्यांनी हात कळांवरून काढले. “वाचणारच हुते. पदरावर टाइप करून बघत हुते, जुळतंय का. जुळलं हुतं. तोंड उघडलं, तर तुम्ही हसला.”

बस. एवढंच. ट्रक गेला, काचा वाजल्या.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. सचिव त्या अधिकाऱ्यांना माझ्यासमोर म्हणाले की आमच्या सॉफ्टवेअरवाल्यानं रातोरात डेटा काढून दिला. सुमनताई मागं उभ्या होत्या. अधिकारी गेले. सचिवांनी मला हाक मारली. “नोटीस झाली का?”

मी हजेरीपत्रक काढून टेबलावर ठेवलं. तारखेवर बोट ठेवलं. म्हणालो, “बटन मी दाबलं.”

मला वाटलं होतं ते चिडतील. सव्वीस वर्षं साहेब लोकांच्या ज्या रागाला भ्यालो, तो आता येईल. ते हसले.

“मग गप बस ना. तू पर्मनंट, तुला काढायला मला कोर्टात जावं लागेल. तिला काढायला एक कागद लागतो. तिचंच नाव राहू दे.”

म्हणजे खरं काय हे त्यांना नकोच होतं. मी आठ दिवस जीव मुठीत धरून जे लपवलं त्याची त्या माणसाच्या लेखी काडीची किंमत नव्हती. कोण चुकलं हा त्यांचा प्रश्नच नव्हता. कोण काढता येतं, हा होता. असल्या माणसासमोर मी आठ दिवस भ्यालो, हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची किळस आली. त्याआधी स्वतःची.

“मी लिहिणार नाही,” म्हणालो.

“काय?”

“नोटीस. लिहिणार नाही.”

ते टेबलावर पुढं वाकले. “बटनावर काय लिहिलंय ते वाचता आलं नाही म्हणून दाबलंस ना? ऑफिसला सांगू? मेंढरं हाकायची सोडून इथं आलास, ते कळू दे सगळ्यांना.”

बरोबर जागी बोट ठेवलं होतं. पुण्यात एवढं तरी शिकले.

“सांगू नका,” मी म्हणालो. “मीच सांगतो. आणि मेंढरं हाकणारा माझा बाप कधी कुणाच्या नावावर आपली चूक घालत नव्हता. मला तुम्ही म्हणा. मी तुमच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा आहे.”

बाहेर आलो. मसुदा फाडला. कोरा कागद घेतला आणि हातानं लिहिलं. अमुक तारखेला ते बटन मी दाबलं. सुमनताई रजेवर होत्या. यादी त्यांनी वाचली, इंजिनिअरनं नाही. खाली सही. प्रत जिल्ह्याच्या कार्यालयाला. जावक रजिस्टरला नोंद करून क्रमांक टाकला. जावक क्रमांक पडला की कागद मागं घेता येत नाही. हे मी इतरांना सव्वीस वर्षं सांगत आलोय. दुसरी प्रत फलकावर लावली.

फॉन्ट पुढच्या आठवड्यात लातूरच्या एका दुकानात मिळाला. दोन मिनिटांत सगळ्या फाईली पुन्हा मराठी झाल्या. इंजिनिअरचा फोन अजून बंदच आहे.

सुमनताईंचा करार दोन महिन्यांनी संपतो. तेव्हा सचिव काय करतील ते मला माहीत आहे. मी काय करणार, तेही त्यांना आता माहीत आहे. हजेरीपत्रकाच्या आणि जावक पानाच्या प्रती माझ्या घरी आहेत.

तो कागद फलकावर लावला त्याच दिवशी मी मोठ्या खोलीत गेलो. सगळे होते. गुंडाप्पा दारात. सुमनताई त्यांच्या जागेवर. मी म्हणालो, “ताई, माझ्याकडून चूक झाली.”

त्यांनी वर बघितलं. “ ‘चूक झाली’ असं आपण पत्रात लिहितो, भाऊ. बटनाचं जाऊ द्या. हसला का, ते सांगा.”

मी उभा राहिलो, हशाच्या दिवशी त्या जिथं उभ्या होत्या त्याच भिंतीशी. आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं.

“सगळ्यांच्या आधी मी हसलो. सचिवांनी माझ्याकडं बोट करून ‘तू वाच’ म्हणू नये म्हणून हसलो. मला इंग्रजी वाचता येत नाही. तुम्हाला ते वाचता येत होतं आणि मी तुमचं तोंड बंद केलं. बटन मी दाबलं, हसलो मी, आठ दिवस गप्प बसलो मी. माफी मागतो. माफ करा म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.”