अब्बांचा माफीनामा

माझी दादी वारली तेव्हा तिला माती मिळण्याआधी माझ्या वडिलांना एका कागदावर सही करावी लागली. तो कागद माझ्या वहीचा होता आणि अक्षरही माझंच होतं. मी तेव्हा अकरावीत होते.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. घरात सगळे मराठी बोलायचो. दादी शेवटपर्यंत नऊवारी नेसली आणि तिचाच पदर कपाळापर्यंत ओढून नमाज पढली. अब्बा दिल्लीत सरकारी छापखान्यात प्रूफरीडर होते. गाझियाबादला तेव्हा शेतं मोडून सोसायट्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर आम्हांला फ्लॅट मिळाला. सोसायटीत मुसलमान घर आमचं एकच, आणि मराठी घरं सात. त्यामुळे सगळे आम्हांला 'मराठीवाले' म्हणायचे. अब्बांना ते फार आवडायचं. कुणी नाव विचारलं की ते आधी जिल्हा सांगायचे.

खालच्या मजल्यावर मराठी मंडळाचे सेक्रेटरी राहायचे. मी त्यांना काका म्हणायचे. मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं दरवर्षी अब्बा तपासून द्यायचे, आणि काका सगळ्यांना सांगायचे, "आमच्याकडे शुद्ध मराठी एकालाच येतं, आणि तो मुसलमान आहे!" सगळे हसायचे. अब्बाही हसायचे.

त्या वर्षी जुन्या दिल्लीतल्या एका शाळामास्तराने एका छोट्या उर्दू मासिकात गोष्ट लिहिली. गोष्टीत धर्माची टिंगल आहे असं म्हणून लोकांनी मासिकाचे अंक चौकात जाळले आणि मास्तराला मारहाण झाली. घरोघरी नुकतीच केबल आली होती, त्यामुळे ती आग आम्ही जेवताना तीन-चार वेळा पाहिली. मंडळाने लगेच परिसंवाद ठेवला. विषय होता, लेखनस्वातंत्र्य आणि राष्ट्रनिष्ठा.

काका वर आले. अब्बांना म्हणाले, "तुम्ही बोलायचंच. तुमच्यातला एक माणूस नको का? नाहीतर लोक म्हणतील एकतर्फी झालं."

अम्मी चहा देत होती. काका गेल्यावर ती हळूच म्हणाली, "नका जाऊ. त्यांना तुम्ही नको आहात, तुमचं नाव हवंय." अब्बांनी तिला गप्प केलं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी स्टेजवर बोलावलं होतं. सरकारी नोकराने भाषणाला परवानगी घ्यायची असते, तेसुद्धा त्यांच्या डोक्यातून गेलं.

परिसंवाद दिल्लीत मयूर विहारातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. अब्बांनी भाषण लिहून नेलं होतं. "गोष्ट आवडली नाही तर दुसरी गोष्ट लिहा, काडी कशाला लावता?" असं ते म्हणाले तेव्हा टाळ्या थांबेनात. मी पहिल्या रांगेत होते. मीही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले की हाच नियम सगळ्यांना लावायला हवा. गेल्याच महिन्यात देवीचं चित्र काढलं म्हणून काही तरुणांनी एका चित्रकाराचं प्रदर्शन फोडलं होतं. तेही तितकंच वाईट. आणि अशा प्रत्येक वेळी देशावरच्या निष्ठेचा पुरावा एकाच घराकडे मागितला जातो, हेही बरं नाही. मागून कुणीतरी "टाइम झाला" म्हणालं. काकांनी आभार मानले आणि चित्रकाराचा विषय काढलाच नाही.

दोन दिवसांनी स्थानिक हिंदी पेपरात अब्बांचा फोटो आला. बातमीत भाषणाचा पहिला अर्धा भागच होता. दुसरा भाग छापलाच नव्हता.

आमच्या सोसायटीपलीकडे जुनी बस्ती होती. मशीद तिथे, कब्रस्तानही तिथेच. ते चालवणाऱ्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, लोखंडी जाळ्या बनवायचे. आमच्या खिडक्यांच्या जाळ्या त्यांनीच केल्या होत्या. त्या शुक्रवारी अब्बा मशिदीत गेले तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं. दादीने विचारलं, "आज लवकर आलास?" अब्बा म्हणाले, "गर्दी होती." तिला कुणी काही सांगितलं नाही.

जानेवारीत, धुक्याच्या एका सकाळी, पहाटेची फज्रची नमाज पढताना दादी जानमाजच्या चटईवर कलली ती उठलीच नाही. अब्बा बस्तीत गेले आणि तासाभराने एकटेच परत आले. सदर म्हणाले होते की कब्रस्तानात जागा नाही. जागा होती. कुंपणाबाहेरूनसुद्धा दिसत होती. दिल्लीतल्या एका कब्रस्तानात अब्बांनी फोन केला, तर तिथल्या माणसाने आमच्या बस्तीच्या कमिटीची चिठ्ठी मागितली. मयताला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, देणाऱ्या बायकांनीही निरोप धाडला की जमणार नाही.

दुपारी काका आले. चपला बाहेर काढून, हात जोडून आले. थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "बघा, बॉडी आणखी किती ठेवणार? पाचव्या मजल्यावर साखरपुडा आहे, पाहुणे येतायत. मी काय म्हणतो, त्या पेपरवाल्याला बोलावतो. आणि पुरू देत नाहीत ना? मग विद्युतदाहिनीत न्या. तुम्ही तर सुधारक माणूस. केवढा मेसेज जाईल यार!"

अब्बांनी विचारलं, "तुमच्या आईंना तुम्ही पुरलं असतंत का?"

"आमची गोष्ट वेगळी आहे," काका म्हणाले. मग उठले. "मी मदत करायला आलो होतो. तुम्हांला नको असेल तर चलो, ठीक आहे."

तीनच्या सुमारास अब्बांनी सदरना घरी यायचा निरोप दिला. ते दोघांना घेऊन आले. दादी आतल्या खोलीत होती आणि बाहेर हे तिघे आमच्या सोफ्यावर. सदर म्हणाले, "चार लाइन लिख दीजिए. उर्दू में."

"मला उर्दू लिहिता येत नाही," अब्बा हिंदीत म्हणाले. ते खरं होतं. आमच्या घरात कुणालाच येत नव्हती.

ते तिघे एकमेकांकडे बघून हसले. घरात मयत असताना हसले. सोबतचा एक म्हणाला, "उर्दू नहीं आती, और उर्दू की कहानी पर तक़रीर करते हैं?"

"अच्छा, हिंदी में सही," सदर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बेटी लिखेगी. ये बस दस्तख़त कर दें."

मी दप्तरातून वही काढली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मी जे बोललो ते नासमझीतून बोललो. त्या गोष्टीला आणि ती लिहिणाऱ्याला मी गुन्हेगार समजतो. मी तौबा करतो. अल्लाने आणि बिरादरीने मला माफ करावं. कागद मी अब्बांसमोर ठेवला. त्यांनी खिशातून पेन काढलं, सवयीने पहिल्यापासून वाचलं, एका शब्दाची चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि मग सही केली.

अर्ध्या तासात बायका आल्या, पाणी तापलं, जनाज्याला खांदे मिळाले. सदरनी स्वतः खांदा दिला. सूर्यास्ताच्या मगरिबच्या नमाजाआधी दादीला माती मिळाली.

सदरनी त्या कागदाच्या झेरॉक्स काढून बस्तीत वाटल्या. आठवड्याभरात एक पेपरात पोचली. काकांनी ते कात्रण सोसायटीच्या नोटिस बोर्डावर, पाण्याच्या वेळांच्या शेजारी लावलं आणि खाली पेनाने लिहिलं, 'हेच ते सुधारक'. छापलेल्या कागदावर माझं अक्षर स्पष्ट दिसत होतं. बसस्टॉपवर एका मुलीने विचारलं, "तेरी राइटिंग है ना? मुझे नोट्स दिए थे तूने." मी नाही म्हणाले.

काका अब्बांना जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "शेवटी झुकलातच. तुम्हा लोकांचं हे असंच असतं." त्या वर्षी स्मरणिका प्रुफं न तपासताच छापली गेली. मशिदीत अब्बांच्या शेजारी लोक परत बसायला लागले, पण 'तौबावाले' असं नाव पडलं ते पडलंच. ऑफिसने परवानगीशिवाय भाषण दिल्याबद्दल मेमो दिला आणि त्यांचं प्रमोशन थांबलं.

मार्चमध्ये एका रविवारी बेल वाजली. दारात एक सडपातळ माणूस उभा होता. एका कानाला पट्टी होती. तो म्हणाला, "ती गोष्ट मीच लिहिली." त्याच्या शाळेच्या कमिटीने त्याला परत घ्यायचं जवळपास ठरवलं होतं. मग कुणीतरी अब्बांचा कागद बैठकीत ठेवला: याची बाजू घेणारासुद्धा याला गुन्हेगार म्हणतोय, आपण कशाला घ्यायचं? त्याची नोकरी गेली होती. हे सगळं त्याने आवाज न चढवता सांगितलं. मग विचारलं, "आपने कहानी पढ़ी थी?"

अब्बा म्हणाले, "नाही."

मी चमकले. मला वाटायचं त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतली असणार. काकांनी वाचली नव्हती, सदरनी वाचली नव्हती हे मला माहीत होतं. पण अब्बांनीही नाही?

मास्तराने पिशवीतून मासिक काढलं. "छोटी है. दस मिनट लगेंगे. मैं पढ़कर सुना देता हूँ. फिर आप जो चाहे समझिए."

अम्मीने त्याच्यासाठी पाण्याचा पेला आणला होता. अब्बा दारातून हललेच नाहीत. त्यांनी जिन्यात डोकावून पाहिलं, कुणी वर-खाली करतंय का ते. मग म्हणाले, "आप जाइए. मैं आपको नहीं जानता."

"पाणी तरी..." अम्मी म्हणाली.

"दार लाव," अब्बा तिला म्हणाले.

दार लागलं. पेला अम्मीच्या हातातच होता. मास्तर थोडा वेळ बाहेर उभा असावा, कारण पावलं लगेच ऐकू आली नाहीत. मी बाल्कनीत गेले. तो गेटपाशी चौकीदाराच्या रजिस्टरमध्ये जाण्याची वेळ लिहीत होता.

मी आत आले आणि अब्बांना म्हणाले, "तुम्ही भित्रे आहात. सदरपेक्षा वाईट आहात. त्यांनी निदान शेवटी कब्रस्तानाचं दार तरी उघडलं होतं."

त्यांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. पेपर उघडून बसले. मला तेही सहन झालं नाही. सोळा वर्षांच्या मुलीला जेवढं क्रूर होता येतं तेवढी मी झाले. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांनी आणलेली पुस्तकं उघडली नाहीत, त्यांच्या ताटाशेजारी बसले नाही. बारावीचा फॉर्म भरताना पालकाच्या सहीची रेघ आली, तर मी त्यांच्यासमोर तो कागद अम्मीकडे सरकवला आणि म्हणाले, "तू कर. यांच्या सहीचा काही भरवसा नाही."

अम्मीने माझ्या तोंडात मारली. अब्बा उठून दादीच्या खोलीत गेले.

हा अबोला मी जवळजवळ वर्षभर चालवला. पुढे मी कॉलेजला लागले, बोलणं आपोआप सुरू झालं, बस किती वाजता आहे आणि दूध संपलंय एवढ्यापुरतं. मास्तराचं काय झालं ते आम्हांला कधी कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही. निवृत्तीनंतर अब्बा कुणाशीही फारसे बोलत नसत. सहा वर्षांपूर्वी ते गेले. त्यांना दादीच्या शेजारीच माती दिली, आणि त्या दिवशी कुणी काही लिहून मागितलं नाही. मला त्यांची माफी मागायची होती. दवाखान्यात तीन आठवडे मिळाले होते. मी रोज त्यांच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवला, आणि रोज ते राहून गेलं.